येणे बाकी

डिस्क मी फडक्यात बांधून नेली,
शेतावर भाकरी नेतात तशी.
राजारामपुरी, आठवी गल्ली, अरुंद जिना.
चार पूर्णांक तीन जीबी, ऐकून इर्शाद शिकलगार
हसला नाही, याचंच बरं वाटलं.

चाळीस पिना. त्यातली एक वाकडी.
घड्याळजीच्या चिमट्यानं त्यानं ती सरळ केली,
मग मागचा जम्पर उपसला, तांदळाएवढा,
आणि विचारलं : मास्टर होती का स्लेव्ह?
म्हटलं, अण्णा एकटेच असायचे दुकानात.
दोन्ही.

वीज दिली. आधी काहीच नाही.
मग जात्यात खडा आल्यासारखा आवाज,
मग फिरणं.
लक्ष्मीपुरीत शटर वर गेलं की उदबत्तीच्याही आधी
हाच आवाज व्हायचा.
चहा येईतोवर चालू व्हायची ती.

पडद्यावर प्रश्न आला :
वापरण्याआधी ही डिस्क फॉरमॅट करायची का?
माझं बोट माउसवर. इर्शादनं मनगटच धरलं.
"न्हाई म्हण.
वाचता येत न्हाई तर पुसू का, असं विचारतंय ते.
त्याचं काय जातंय?"

मग कुठल्याशा मागच्या दारानं तो आत शिरला.
लग्न. वास्तू. बारसं. दहावा.
लग्न दोन. लग्न दोन नवीन. लग्न दोन नवीन खरं.
सगळ्यांची तारीख एकच :
एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी.
आतला सेल संपला होता, वीस रुपयांचा,
अण्णांनी शेवटपर्यंत बदलला नाही;
रोज सकाळी मशीन त्याच दिवसात जागं व्हायचं.
त्या दिवशी अण्णा स्वतः कागलात सहावीत होते
आणि आमच्या दुकानाच्या जागी सुतळीचं गोदाम होतं.
तरी त्या एकाच दिवशी
एवढी माणसं जन्मली, बोहल्यावर चढली,
नव्या घरात गेली, वारली.

एक पत्रिका उघडली तर आत
पौंडाची खूण, टोपी घातलेला ए,
उलटं प्रश्नचिन्ह, परत पौंड.
यातलंच कुणीतरी कुणाची तरी ज्येष्ठ कन्या होती.
"फॉन्ट जुना हाय," इर्शाद म्हणाला,
"अक्षरं हायत सगळी. त्यांची तोंडं शोधाय लागतील."
तीही डिस्कवरच होती, एका कोपऱ्यात.
पडदा मिटला, उघडला,
आणि चि. सौ. कां. सरळ उभी राहिली
फोटोसाठी पदर सावरून.

उधारीची फाइल सगळ्यात शेवटी.
बाबूराव फडतरे, पत्रिका दोनशे, बाकी नव्वद.
संजीवनी शिवणक्लास, हँडबिलं हजार, बाकी दोनशे दहा.
उत्तम हिरुगडे, दुःखद निधन, बाकी,
आणि रकमेच्या जागी अण्णांनी टाइप केलेलं :
मागायचं नाही.

दस्तगीर ब्रास बँड, शाहूपुरी,
कार्डं पाचशे, बाकी एकशे चाळीस.

ती ओळ इर्शादनं दोनदा वाचली.
"अब्बा," एवढंच म्हणाला.
मग बिलबुक ओढलं :
डेटा काढणे, आठशे.
वजा, एकशे चाळीस.
अरे, राहू दे, मी म्हटलं.
"राहू दे कसं? लिहिलंय न्हवं."

सहाशे साठ दिले.
नखाएवढ्या पेनड्राइव्हमध्ये सगळं दुकान मावलं,
वर जागा उरली ती उरलीच.
बागल चौकात सिग्नलला थांबले तेव्हा
फडक्यातून डिस्क मांडीला लागत होती,
अजून कोमट.

रात्री घरच्या मशीनवर उधारी उघडली.
दस्तगीर यांच्यापुढचा आकडा खोडला,
लिहिलं : मिळाले. जतन केली.
तारीख बदलली, आजची आली.
आता त्या फोल्डरात ती एकटीच आजची आहे.
बाकीची माणसं अजून
ऐंशी सालच्या त्या एका दिवशी थांबलीत,
आणि हिरुगड्यांचं
मागायचं नाही.